गिगाहर्ट्झमधला हर्ट्झ कोण होता?

सेकंडहँड लॅपटॉप घेताना त्यावर वायफाय चालेल का, हे बघायचं असेल तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्सवर क्लिक करा. यादीत वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असं काही दिसलं, तर वायफाय कार्ड आहे. मग पुढचा प्रश्न: ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं की ५ वरही? हा हर्ट्झ म्हणजे एक माणूस. विद्युतचुंबकीय लहर हवेतून खरंच पोचते, हे प्रयोगाने सिद्ध केलं ते त्याने.

हाइनरिख हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतल्या हॅम्बर्गला झाला. वडील वकील. हा आधी इंजिनिअरिंगला गेला आणि मग वडिलांना पत्र लिहून, परवानगी मागून भौतिकशास्त्राकडे वळला. (असं पत्र लिहायला किती हिंमत लागते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे!) बर्लिनमध्ये त्याचे गुरू होते हेल्महोल्ट्झ. अशा लहरी असाव्यात हे मॅक्सवेलने गणिताने मांडलं होतं, पण पुरावा नव्हता. त्याच्याशी निगडित एक प्रश्न हेल्महोल्ट्झनी १८७९ मध्ये हर्ट्झला सुचवला. त्याने हिशोब केला, हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही असं ठरवलं आणि विषय सोडून दिला.

तो परत हाती आला १८८६ मध्ये, कार्ल्सरूहला प्राध्यापक असताना. एका वेटोळ्यात ठिणगी पाडली की शेजारच्या वेटोळ्यातही बारीक ठिणगी पडते, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने ठिणगी पाडणारा ट्रान्समीटर बनवला. रिसीव्हर म्हणजे काय, तर मध्ये बारीक फट ठेवलेली तारेची कडी! लहर आली तर फटीत ठिणगी, नाहीतर काही नाही. ही ठिणगी कधी कधी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी छोटी असायची, म्हणून अंधारात डोळे ताणून बघावं लागायचं. आपल्या स्क्रीनवरच्या सिग्नलच्या काड्यांचं काम तेव्हा त्याचे डोळे करत होते.

जस्ताच्या पत्र्यावर लहरी आपटून परत येतात, लाकडी दारातून मात्र पार जातात, हेही त्याने दाखवलं. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर का रडतो, त्याचं कारण हेच. १८८८ पर्यंत त्याने लहरींची लांबी आणि वेग काढला. वेग प्रकाशाइतकाच निघाला.

पुढे एका इंजिनिअरने पत्रातून विचारलं, की या लहरींवर टेलिफोन चालेल का? हर्ट्झने कळवलं, की आवाजाच्या फ्रिक्वेन्सीची लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिला खंडाएवढा आरसा लागेल. हिशोब बरोबर होता. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरीवर आवाज बसवून पाठवायची युक्ती नंतर आली. माझ्या मते इथे त्याला हसण्यात अर्थ नाही, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने चोख दिलं होतं.

१८८९ मध्ये तो बॉनला गेला. १८९२ पासून आजारपण सुरू झालं, ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला, वय फक्त ३६. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली.

वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, म्हणून नाझींच्या काळात हॅम्बर्गच्या टाउन हॉलमधलं त्याचं चित्र काढून टाकलं गेलं. पत्नी आणि मुली इंग्लंडला निघून गेल्या. १९६० मध्ये हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत अधिकृत झालं.