मृत्यूनंतरही शिक्षा झालेला हकीम : गार्सिया द ओर्ता

राज्यकर्त्यांच्या हातून माणसांवर जे अत्याचार घडतात त्यांचे मूळ धर्मात आहे की धर्म नाकारण्यात, हा प्रश्न आता आपल्या घरांतील महाविद्यालयीन मुलेमुलीही विचारू लागली आहेत. मालवणात एका घरी मगरिबच्या नमाजनंतर अशीच चर्चा चालली होती. एका तरुणाने स्टॅलिनच्या रशियाचे नाव घेतले, तर दुसऱ्याने लगेच शेजारच्या गोव्याकडे बोट दाखवले आणि तेथील इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, कोणत्या नास्तिकाने चालवले होते, असे विचारले. दोघांचीही उदाहरणे खरी होती. निष्कर्ष मात्र दोघांचेही घाईचे वाटले. त्या रात्री मला ज्या माणसाची आठवण झाली, त्याचे जीवन आज वाचकांपुढे ठेवीत आहे. तो मुसलमान नव्हता. पण त्याच्या एकाच आयुष्यात धर्माच्या नावाने राज्य करणारी कितीतरी सरकारे येऊन गेली, आणि ती सर्व एकसारखी वागली नाहीत.

गार्सिया द ओर्ता याचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ च्या आरंभी ग्रनाडा पडले, अंदलूसमधील मुसलमानांचे शेवटचे राज्य संपले आणि त्याच वर्षी स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतून एक निवडण्यास सांगितले. (मुसलमानांची पाळी थोड्याच वर्षांनी आली.) देश सोडणाऱ्यांपैकी हजारो लोकांना उस्मानी सुलतान बायझीद दुसरा याने आपल्या राज्यात आश्रय दिला. ओर्ताच्या आईवडिलांनी जवळची वाट धरली व ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तेथेही पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, राजा मानुएल याने यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. इसहाकचा फेर्नांव झाला. अशा नावे बदललेल्या घरात, कास्तेलु द व्हिद या सीमेवरील गावी, १५०१ च्या सुमारास गार्सिया जन्मला.

त्याने सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी युरोपातील वैद्यक इब्ने सीना आणि राझी यांच्या ग्रंथांवर उभे होते. म्हणजे ज्या लोकांना स्पेनमधून हाकलले जात होते, त्यांचीच विद्या स्पेनच्या वर्गांत शिकवली जात होती. शिक्षण संपवून तो गावी परतला, पुढे लिस्बनला गेला, राजाचा वैद्य झाला आणि तेथील विद्यापीठात शिकवू लागला. परंतु नवख्रिस्ती घराण्यातील माणसाच्या डोक्यावर संशयाची तलवार कायम टांगलेली असे. शनिवारी चूल का पेटली नाही, डुकराचे मांस का खाल्ले नाही, अशा गोष्टींवरून माणसाची श्रद्धा मोजली जाई. मार्च १५३४ मध्ये तो मार्तिं आफोंसु द सौझा याच्या आरमारासोबत वैद्य म्हणून हिंदुस्थानास निघाला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले.

ज्या गोव्यात तो उतरला ते शहर आफोंसु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये आदिलशाहाकडून जिंकले होते. त्या वेळी शहरातील मुसलमान स्त्रीपुरुषांची सरसकट कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा ६,००० असल्याचे खुद्द आल्बुकेर्कने आपल्या राजाला कळवले होते. आमच्या या किनाऱ्यावरील गलबतांनाही पुढे पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून समुद्रात जाता येईना. हजला निघालेल्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती.

अशा शहरात ओर्ताने तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकी केली. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते व तेथे त्याचे घर आणि बाग होती. पण त्याच्या आयुष्यातील सर्वांत सन्मानाचे दिवस ख्रिस्ती राज्याबाहेर गेले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह हा त्याचा आश्रयदाता आणि मित्र. आजारपणात निजामशाह त्याला बोलावून घेई आणि मोठी बिदागी देई. दरबारात इराणी, अरब आणि तुर्क हकीम होते. त्यांच्यासोबत ओर्ताच्या चर्चा चालत. एखाद्या औषधीचे अरबी नाव काय, फारसी काय, दख्खनी लोक तिला काय म्हणतात, ती कोणत्या बंदरातून येते, हे तो विचारून घेई व पडताळून पाही. गोव्यातील हिंदू वैद्यांकडूनही त्याने पुष्कळ शिकून घेतले. ज्या प्राचीन ग्रीक आचार्यांविरुद्ध युरोपात बोलणे कठीण होते, त्यांच्या चुका येथे राहून आपण मोकळेपणाने दाखवू शकतो, असे त्याला वाटत असे.

बुऱ्हाण निजामशाह हा काही निःपक्ष राजा नव्हता. त्याने स्वतः शिया पंथ स्वीकारला आणि तो राज्याचा पंथ केला, त्यावरून त्याच्या राजधानीत तंटेही झाले. त्याला आदर्श म्हणून येथे उभे करण्याचा हेतू नाही. पण नाडी पाहायला आलेल्या हकीमाच्या अंतःकरणात कोणता धर्म आहे, हे खणून काढण्याची गरज त्याला वाटली नाही.

ओर्ताच्या साऱ्या अभ्यासाचे फळ म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापला गेलेला त्याचा पोर्तुगीज ग्रंथ. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ओर्ता स्वतः आणि स्पेनहून नुकताच आलेला एक कल्पित वैद्य यांच्या संवादातून हा ग्रंथ पुढे सरकतो. त्यात हिंग, वेलची, दालचिनी, मिरी आहे, नारळ आणि विड्याचे पान आहे, आंबा व फणस आहे, आणि आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरातील कोकमसुद्धा आहे. भिरंड या आपल्या शब्दाचे पोर्तुगीज रूप त्याने वापरले आहे. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात आजही सांगितले जाते. पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे. चारच वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे निघाला आणि सारा युरोप तो वाचू लागला.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणखी एक नाव छापलेले आहे. पुस्तक ज्याने तपासले तो आलेशु दियश फाल्कांव, गोव्याचा धर्मन्यायाधीश.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात येऊन पोहोचले होते. त्याचे कार्यालय आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यात थाटले गेले. गोवेकर लोक त्या वास्तूला थोरलें घर म्हणत आणि तिचे नाव हळू आवाजात घेत. आरोपीला त्याच्यावर कोणी आरोप केला हे कळत नसे. साक्षीदारांची नावे गुप्त राहत. अटक होताच मालमत्ता ताब्यात घेतली जाई. कबुलीसाठी यातना दिल्या जात, आणि दुसऱ्यांची नावे सांगितल्याशिवाय कबुली पूर्ण मानली जात नसे. १८१२ मध्ये ते कायमचे बंद होईपर्यंत मधली थोडी वर्षे वगळता हे चालू होते. एकूण खटले १६,००० हून अधिक भरले. आरंभी नवख्रिस्ती यहुदी हे मुख्य लक्ष्य होते. नंतर बहुतेक आरोपी येथलेच, नव्याने ख्रिस्ती झालेले गोवेकर होते. त्याच दशकात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा हिंदूंनी आपल्या मूर्ती उचलून फोंड्याच्या बाजूस, म्हणजे विजापूरच्या मुसलमान बादशहाच्या मुलखात नेल्या. पुष्कळ कुटुंबे तेरेखोलच्या अलीकडे, आपल्या भागात, येऊन वसली.

ओर्ताची आई आणि बहिणी लिस्बनमध्ये अशाच तुरुंगातून सुटून १५४९ मध्ये त्याच्याकडे गोव्याला आल्या होत्या. समुद्रापलीकडे तरी सुरक्षितता मिळेल असा त्यांचा समज असावा. ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याच्या हयातीत त्याला कोणी हात लावला नाही. राज्यपालांना तो औषध देत होता, हे त्याचे एक कारण म्हणता येईल. तो जाताच बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. चौकशीत तिने भावाचेही नाव घेतले, तोही मनातून मूसा (अलै.) यांचाच धर्म मानीत होता, अशी जबानी तिच्याकडून निघाली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळण्यात आले. पुढे १५८० मध्ये मृत ओर्तावर दोष निश्चित झाला, त्याची कबर उकरली गेली आणि त्याच्या अस्थी काढून जाळल्या गेल्या. त्याच्या घराण्यावरील या खटल्यांचे कागद एका पोर्तुगीज संशोधकाने १९३४ मध्ये प्रकाशात आणले. तोवर पावणेचारशे वर्षे जग त्याला केवळ एक सन्माननीय ख्रिस्ती वैद्य म्हणून ओळखत होते.

मालवणच्या त्या घरातील दुसऱ्या तरुणाचा मुद्दा येथे पुरा होतो, असे वाटेल. हे सर्व ईश्वराच्या नावाने झाले, यात शंका नाही. पण आता पहिल्या तरुणाकडे वळू. अल्बानियात १९६७ मध्ये एन्व्हर होजा याच्या राजवटीने देशातील सगळ्या मशिदी, चर्च आणि मठ बंद केले आणि आपले राज्य जगातील पहिले नास्तिक राज्य असल्याचे जाहीर केले. होजा स्वतः मुसलमान घरातला. १९७५ मध्ये तेथे हुकूम निघाला की राजवटीला अयोग्य वाटणारी, म्हणजे धार्मिक वळणाची, नावे लोकांनी बदलावीत. इसहाकचा फेर्नांव करणारा राजा आणि हा हुकूम यांच्यात पावणेपाचशे वर्षांचे अंतर आहे. एक राजवट ईश्वराचे नाव घेत होती, दुसरी ईश्वर नाही म्हणत होती. प्रजेचे हृदय ही आपली जहागीर आहे, ही समजूत मात्र दोघींची सारखीच होती.

आपल्या इतिहासाकडेही याच नजरेने पाहणे प्रामाणिकपणाचे ठरेल. इसवी सन ८३३ मध्ये खलीफा मामून याने कुरआन निर्मित आहे की अनादी, या प्रश्नावर उलेमांची सरकारी तपासणी सुरू केली. मामून नास्तिक नव्हता, अडाणीही नव्हता. विद्येचा तो मोठा पुरस्कर्ता होता. तरी इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांना बेड्या पडल्या आणि मोअतसिमच्या कारकिर्दीत त्यांना फटके मारले गेले. सूरह बकरहमध्ये धर्माच्या बाबतीत बळजबरीला मनाई केलेली आहे आणि सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करण्यास. हे आदेश तेव्हाही दरबारात वाचले जातच होते.

आदरणीय उमर (रजि.) यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून ते भिंत ओलांडून आत गेले आणि दारू पिणारा माणूस त्यांच्या हाती सापडला. त्याने आपला अपराध मान्य केला; पण आपण टेहळणी केली, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाही, असे खलीफांना सुनावले. उमर (रजि.) त्याला न पकडता निघून गेले. उसामा (रजि.) यांचा प्रसंग तर हदीसच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. रणांगणावर एका शत्रूने तलवार डोक्यावर येताच कलिमा उच्चारला. तो केवळ भीतीने, असे मानून उसामांनी त्याला ठार केले. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्यावर किती व्यथित झाले, आणि त्या माणसाचे हृदय फाडून पाहिले होते काय, असा जाब त्यांना कसा पुन्हा पुन्हा विचारला गेला, हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो.

पणजीच्या भर वस्तीतील उद्यानाला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. ओल्ड गोव्यात, सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ, एक दगडी कमान तेवढी उभी आहे. ती आदिलशाही वाड्याच्या, म्हणजेच त्या थोरल्या घराच्या दाराची. मालवणहून सहलीला जाणाऱ्या गाड्या तिच्यासमोरूनच जातात.