रेव्हरंड कार्ल स्ट्रेलो आणि हर्मन्सबर्गची शाळा

सिनेगॉगच्या स्मरणिकेत एका लुथरन पाद्र्याचे चरित्र कशाला, असे आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी विचारील. त्यांना आम्ही नम्रपणे आठवण देतो की जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. आपल्या पूर्वजांनी त्याचा धर्म घेतला नाही, पण व्याकरण मात्र घेतले. मुलाला परकी विद्या द्यायची तर ती त्याच्या घरच्या भाषेतून द्यावी, हे ज्याने ओळखले असा दुसरा गृहस्थ याच ऑस्ट्रेलियात होऊन गेला. त्याचा हा अल्प परिचय.

कार्ल स्ट्रेलो यांचा जन्म २३ डिसेंबर १८७१ रोजी जर्मनीत ब्रँडनबर्ग प्रांतातील फ्रेडर्सडॉर्फ या खेड्यात झाला. वडील गावचे शाळामास्तर. नॉइएनडेटेल्साउ येथील मिशनच्या विद्यालयात शिकून ते १८९२ साली, विशीतच, ऑस्ट्रेलियात आले. प्रथम एअर सरोवराजवळच्या किलाल्पानिना मिशनवर त्यांनी डिएरी भाषा शिकून घेतली आणि सहकारी रॉइथर यांच्यासह तीत ख्रिस्ती नवा करार उतरवला. तो १८९७ साली छापून निघाला. या देशातील मूळ रहिवाशांच्या कोणत्याही भाषेत संपूर्ण नवा करार त्यापूर्वी झालेला नव्हता.

पण तोपर्यंत ते हर्मन्सबर्गला पोहोचलेही होते. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस सुमारे १२५ किलोमीटरवर, बहुधा कोरड्याच असणाऱ्या फिंक नदीच्या काठी, १८७७ साली जर्मन मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली होती. त्यांनी अरांडा भाषेचे पहिले पाठ्यपुस्तक केले, व्याकरण केले, आणि आजारपणाने व निराशेने थकून १८९१ मध्ये वस्ती सोडली. ऑक्टोबर १८९४ मध्ये स्ट्रेलो तेथे आले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते.

त्यांनी केले काय, तर आधी स्वतःच विद्यार्थी झाले. अरांडा वृद्धांजवळ वर्षानुवर्षे बसून शब्द टिपले, कथा ऐकल्या, गाणी लिहून घेतली. आपल्या वाचकांना यातली अडचण लगेच समजेल. इंग्रजीत आत्या, मावशी, मामी, काकू सगळ्या एका शब्दात कोंबल्या जातात. अरांडात याच्या उलट तऱ्हेचा गुंता आहे : बापाचा भाऊ तोही बापच, आईची बहीण तीही आईच, शिवाय सगळा समाज आठ वर्गांत वाटलेला, आणि कोणी कोणाशी लग्न करावे हे त्यावरून ठरायचे. हे न समजणाऱ्या मास्तरने वर्गात भावाबहिणीची साधी गोष्ट सांगितली तरी मुले बुचकळ्यात पडणार. म्हणून शाळेत वाचन, लेखन आणि धर्मपाठ अरांडातून. पुढे १९१७ साली हाइनरिक नावाचे शिक्षक आले तेव्हा स्ट्रेलोंच्या खांद्यावरचा शाळेचा भार हलका झाला. प्रख्यात चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा याच शाळेत शिकले.

त्यांच्या पत्नी फ्रीडा यांच्याविषयी आम्हाला विशेष आदर वाटतो. १८९५ साली लग्न होऊन त्या आल्या आणि वाळवंटात तान्ही मुले दगावतात हे पाहून आयांना स्वच्छता व बालसंगोपन शिकवू लागल्या. तेही अरांडा भाषेतूनच. नर्सिंगमध्ये आमचे आयुष्य गेले. इंग्रजी उत्तम बोलणारी म्हातारी माणसे स्मृती गेली की लहानपणच्या भाषेवर येतात आणि दुखते कुठे ते त्याच भाषेत सांगतात, हे आम्ही वॉर्डात अनेकदा पाहिले आहे.

स्ट्रेलो यांचा अरांडा आणि लोरित्या लोकांवरील मोठा ग्रंथ १९०७ ते १९२० या काळात फ्रँकफर्टहून खंडशः निघाला. मेलबर्नचे प्राध्यापक बाल्डविन स्पेन्सर यांना तो पटला नाही. आमच्या मते, ज्यांना स्वतःला अरांडा बोलता येत नव्हती त्यांनी जरा जपून बोलायला हवे होते. असो. पुढे स्ट्रेलोंनी मोझेस त्यालकाबोटा या अंध अरांडा धर्मोपदेशकाच्या व इतरांच्या साहाय्याने १९१९ पर्यंत नवा करार अरांडात आणला. अरांडा लोक त्यांना इंगकाटा, म्हणजे प्रमुख, म्हणत.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी इतके करणाऱ्या या बापाला स्वतःच्या मुलांपासून दूर राहावे लागले. १९१० साली सगळे कुटुंब जर्मनीस गेले, आणि १९१२ मध्ये परतताना शिक्षणासाठी पाच मुले तेथेच ठेवली. सोबत आला फक्त धाकटा थिओडोर. मग महायुद्ध पेटले. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१७ साली ४९ लुथरन शाळा सरकारने बंद केल्या. कार्ल यांना ती पाच मुले पुन्हा कधीच दिसली नाहीत. देशोदेशी मुले विखुरलेल्या आपल्या घरांना हे अधिक उलगडून सांगायला नको.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये ते आजारी पडले. अंगभर पाणी साठले, श्वास लागू लागला, आडवे होणे अशक्य झाले. अशा रोग्याला उशांच्या आधाराने बसवून ठेवावे लागते. तेथे बग्गीवर खुर्ची बांधून तीत बसवले, आणि रेल्वे गाठण्यासाठी ऊडनाडाट्टाच्या दिशेने फिंकच्या वाळूतून प्रवास सुरू झाला. ऊडनाडाट्टाला १९११ पासून परिचारिकांचे छोटे रुग्णालय होते, पण ते फार दूर. विमानाने डॉक्टर पोहोचवण्याची सोय १९२८ साली सुरू झाली. २० ऑक्टोबर १९२२ रोजी वाटेत हॉर्सशू बेंड येथे त्यांचे निधन झाले, वय पन्नास. तेथेच त्यांना पुरले. थिओडोर तेव्हा चौदा वर्षांचा होता.

हाच मुलगा, अरांडा सवंगड्यांत खेळून वाढलेला, १९३२ साली भाषेचा अभ्यास करायला परत आला आणि मोठा विद्वान झाला. अरांडा नवा करार पूर्ण स्वरूपात १९५६ मध्ये निघाला, तो त्याच्याच हातून सुधारून. हर्मन्सबर्गची जमीन १९८२ साली अरांडा लोकांना परत मिळाली. वडिलांचा शब्दकोश मात्र हस्तलिखितातच पडून राहिला होता. सात हजारांहून अधिक अरांडा शब्दांचा तो संग्रह २०१८ साली छापला गेला.