भुकेल्यांचे महागुरू : संत बेसिल

प्रतिवर्षी २ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत बेसिल आणि त्यांचे जिवलग मित्र नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांचा सण साजरा करते. नाताळच्या आनंदात हा सण अनेकदा आपल्या ध्यानात येत नाही. ख्रिस्तसभेचे थोर पंडित म्हणून बेसिल यांची ख्याती आहे. परंतु त्यांच्या नगरातील गोरगरिबांनी त्यांना ओळखले ते अन्नदाता म्हणून. त्यांच्या जीवनाचा हा पैलू आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

बेसिल यांचा जन्म सुमारे इ.स. ३३० मध्ये, आजच्या तुर्कस्तानात, एका सधन व श्रद्धावंत घराण्यात झाला. त्यांच्या आजी मॅक्रिना यांनी छळाच्या काळात हालअपेष्टा सोसल्या होत्या. थोरली बहीण मॅक्रिना आणि निस्साचे ग्रेगरी व पीटर हे धाकटे बंधू यांनाही ख्रिस्तसभा संत मानते. कैसरिया, कॉन्स्टँटिनोपल व अथेन्स येथे शिक्षण घेऊन बेसिल मायदेशी परतले, तेव्हा विद्वत्तेचा अभिमान त्यांना जडला होता. बहिणीने त्यांना भानावर आणले. त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला आणि इजिप्त, पॅलेस्टाइन व सिरिया या देशांतील व्रतस्थांना भेटी दिल्या. एकांतवासाचे त्यांना आकर्षण होते. तथापि एकट्याने राहणारा मनुष्य कोणाचे पाय धुणार, हा प्रश्न त्यांना सतावीत असे. म्हणूनच त्यांनी व्रतस्थांसाठी एकत्र राहण्याचा व सेवेचा मार्ग आखून दिला.

पुढे ते कैसरिया येथे धर्मगुरू झाले. इ.स. ३६९ च्या सुमारास त्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. नगर समुद्रापासून दूर असल्याने बाहेरून धान्य आणणे कठीण होते. श्रीमंतांची कोठारे भरलेली होती, परंतु भाव आणखी चढेल या आशेने ती कुलूपबंद ठेवण्यात आली होती. बेसिल यांनी प्रवचनांतून या साठेबाजीवर कठोर प्रहार केले. संत लूककृत शुभवर्तमानातील, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणारा धनवान त्यांनी श्रोत्यांपुढे उभा केला. घरात पडून असलेली भाकर भुकेल्याची आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे आहे, अशी त्यांची शिकवण होती. गरिबाला देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे, ही समजूत त्यांनी मोडून काढली. ते त्याचे हक्काचे देणे आहे, असे त्यांनी बजावले.

धनाविषयी बोलताना त्यांनी विहिरीचा दाखला दिला. उपसा होत राहिला की विहिरीचे पाणी निर्मळ राहते, पडून राहिले की ते नासते. संपत्तीचेही तसेच आहे. हा दाखला भोर व वेल्हे परिसरातील आपल्या भाविकांना सहज उमगेल. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा कालव्यासाठी भाटघर येथे पहिले धरण बांधण्यात आले आणि १९२० च्या दशकात तेथे मोठे लॉईड धरण उभे राहिले. वेळवंडी नदीच्या खोऱ्यातील जमिनी त्या जलाशयाखाली गेल्या, आणि तेथे साठणारे पाणी दूरच्या बारामती, इंदापूर व फलटणच्या शेतांना मिळू लागले. साठा केला जातो तो पुढे वाहता करण्यासाठी, हे भाटघरचे पाणी आपल्याला दरवर्षी दाखवून देते. ज्यांच्या भूमीवर ते साठते त्यांचे देणेही आपण विसरता कामा नये.

बेसिल यांच्या शब्दांनी कोठारांची दारे उघडली. त्यांनी स्वतःची मालमत्ता विकून धान्य घेतले. कडधान्याच्या कढणाच्या मोठमोठ्या कढया चुलीवर चढल्या. कमरेला वस्त्र गुंडाळून ते स्वतः वाढू लागले आणि उपाशी माणसांचे पाय धुऊ लागले. त्या पंगतीत यहुदी मुलांनाही ख्रिस्ती मुलांइतकाच वाटा मिळाला.

इ.स. ३७० मध्ये बेसिल कैसरियाचे महागुरू झाले. दुष्काळ ओसरला, तरी गरिबांची गरज संपली नव्हती, हे त्यांनी ओळखले होते. नगराबाहेर त्यांनी वाटसरूंसाठी निवास, आजाऱ्यांसाठी वैद्य व परिचारक आणि विविध कामांसाठी कार्यशाळा उभारल्या. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले होते अशा कुष्ठरुग्णांना तेथे आसरा मिळाला; बेसिल त्यांना बंधू म्हणून आलिंगन देत. ही वसाहत पुढे ‘बेसिलियास’ या नावाने प्रसिद्ध झाली. काहींनी तिच्याविषयी प्रांताधिकाऱ्याचे कान भरले, तेव्हा पत्र लिहून त्यांनी आपल्या कार्याचे समर्थन केले.

सम्राट व्हॅलेन्स हा एरियन पाखंडाचा पाठीराखा होता. बेसिल यांनी नमते घ्यावे म्हणून त्याचा अधिकारी मोडेस्टस याने मालमत्ता जप्त करण्याची, हद्दपारीची व मृत्यूची धमकी दिली. अंगावरची जुनी वस्त्रे आणि थोडीशी पुस्तके यांखेरीज ज्याच्याजवळ काहीच उरले नव्हते, त्याला जप्तीचे भय कसले? सर्वस्व वाटून टाकलेला मनुष्य निर्भय असतो. पुढे त्याच सम्राटाने बेसिल यांच्या आश्रयाखालील रुग्णांसाठी जमिनी दिल्या.

सततच्या आजारपणाने व श्रमाने खंगलेले बेसिल पन्नाशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. परंपरेनुसार १ जानेवारी ३७९ हा त्यांचा मृत्युदिन होय. त्यांच्या अंत्ययात्रेत ख्रिस्ती लोकांबरोबर यहुदी व इतर धर्मीयही शोक करीत चालले होते.

यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समुदायात कोणालाही उणे पडत नसे, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. तीच रीत बेसिल यांनी एका दुष्काळग्रस्त नगरात पुन्हा जिवंत केली. आपल्या घरातही एखादे कोठार आहे. कोणाचे धान्याचे, कोणाचे पैशाचे, कोणाचे वेळेचे. त्यात कोणाचा वाटा अडून राहिला आहे, हे पाहण्याची दृष्टी प्रभू आपणांस देवो आणि संत बेसिल आपणांसाठी विनंती करोत.