शाळा अंगणात नेणाऱ्या अनुताई

चिंचवडहून दर वर्षी भाद्रपदात आणि माघात मोरया गोसावींच्या परंपरेतील पालखी मोरगावला जाते. पिंपरी-चिंचवडकरांना मोरगाव ठाऊक आहे ते मयूरेश्वरामुळे. याच मोरगावात १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ यांचा जन्म झाला, ही गोष्ट मात्र त्या वाटेने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. आज गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत जिचे फलक दिसतात, त्या अंगणवाडीची पहिली वीट रचणाऱ्या दोघींपैकी एक म्हणजे अनुताई. दुसऱ्या अर्थातच त्यांच्या गुरू ताराबाई मोडक.

अनुताईंची आठवण काढण्याचे आणखी एक कारण आहे. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील एखादी अडचण निवडावी, तिची कारणे शोधावीत, त्यावर उपाय करून पाहावा, नोंदी ठेवाव्यात आणि निष्कर्ष काढावा, याला शिक्षणशास्त्रात कृतिसंशोधन म्हणतात. डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ते करावे लागते आणि पुढे सेवेतील प्रशिक्षणांतही त्याचा आग्रह धरला जातो. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शाळांतील किंवा चाकण परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना त्यासाठी विषय शोधावा लागत नाही. तो पटावर असतो आणि वर्गात नसतो. कामाच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मजुरांचे मूल आज दाखल होते आणि बांधकाम संपले की आई-वडिलांबरोबर निघून जाते. थोरली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला झोपडीतच थांबते. असे अहवाल पुष्कळ लिहिले जातात. त्यांतील बरेचसे प्रमाणपत्रापुरते असतात, हेही शिक्षक जाणून आहेत. अनुताईंनी मात्र नेमका हाच प्रश्न हाती घेतला आणि त्याच्या उत्तरासाठी उभे आयुष्य वेचले.

त्यांच्या वाट्याला आलेले पहिले आयुष्य त्या काळातील असंख्य मुलींसारखेच होते. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. अशा मुलीपुढे तेव्हा दोनच वाटा असत. एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे जाणारी आणि दुसरी, घरच्यांनी साथ दिली तर, शिक्षिकेच्या नोकरीची. अनुताईंना दुसरी वाट मिळाली. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९२९ मध्ये पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले. नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या बाजूला त्यांनी चार वर्षे खेड्यातील शाळेत शिकवले. १९३३ पासून त्या पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका होत्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. शहरातील नावाजलेली शाळा, बांधलेला पगार, स्थिर आयुष्य. एका विधवा शिक्षिकेने यापुढे काही मागावे, अशी अपेक्षा कोणी केली नसती.

१९४५ मध्ये कस्तुरबा न्यासाने ग्रामसेविकांसाठी बोरिवली येथे शिबिर भरवले. अनुताई त्यात सहभागी झाल्या. तेथे त्यांची गाठ ताराबाईंशी पडली. ताराबाई तोवर बालशिक्षणाच्या क्षेत्रात अधिकारी व्यक्ती मानल्या जात होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीही या दोघांच्याच पुढाकाराने. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवले. मात्र मुंबईतील सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी चालणारे बालमंदिर खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत पोचेल काय, हा प्रश्न त्यांच्या मनातून जात नव्हता. त्यासाठी त्यांना खेड्यात राहायला तयार असणारी शिक्षिका हवी होती. अनुताईंनी होकार दिला. वय पस्तीस.

जागा ठरली बोर्डी. हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. डहाणू तालुका आता २०१४ पासून पालघर जिल्ह्यात येतो. या भागातील शैक्षणिक कामाचा पाया आचार्य शं. रा. भिसे यांनी घातला होता. काळ मोठा अस्वस्थ होता. त्याच वर्षी तलासरी, उंबरगाव, डहाणू पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याचे नेतृत्व करीत होते आणि ऑक्टोबरमध्ये गोळीबारही झाला होता. जमीनदाराच्या शेतावर आई-बाप राबत असताना त्यांच्या तीन-चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत बोलावणे किती अवघड असेल, याची कल्पना या पार्श्वभूमीवर यावी.

डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातील बऱ्या घरांतली मुले आली. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप होता, ती दलित आणि आदिवासी वस्त्यांवरील मुले येईनात. कोणत्याही सामान्य शाळेने अशा वेळी काढला असता तो निष्कर्ष तयारच होता. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हा निष्कर्ष आजही शाळाशाळांतून ऐकू येतो आणि त्यात एक सोय असते, शाळेला काही बदलावे लागत नाही. ताराबाई आणि अनुताईंनी दोष उलट्या बाजूला शोधला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर अंतर कोणी तोडायचे, असा तो प्रश्न होता. उत्तर म्हणून शाळाच वस्तीत नेण्यात आली. एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण किंवा झाडाची सावली एवढेच तिचे स्थान. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

शिक्षिका तेथे पोचत ती पाटी-पेन्सिल घेऊन नव्हे. साबण, कंगवा, तेल, नखे कापण्याचे साहित्य आणि खाऊ बरोबर असे. मुले प्रथम घाबरून पळत. मग हळूहळू जमत. त्यांना आंघोळ घालणे, खरजेच्या फोडांना औषध लावणे, केस विंचरणे हाच पहिला पाठ होता. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा जगातून आलेल्या बाईंनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत बसून हे करणे १९४५-४६ मध्ये साधे नव्हते. गावातील वरच्या थरात त्याची नाराजी होती. अनुताईंनी ती अंगावर घेतली.

दुसरी अडचण साधनांची होती. माँटेसरीची शास्त्रशुद्ध साधने, ते गुळगुळीत दट्टे आणि रंगीत मनोरे, सुंदर खरे, पण महाग. शिवाय वारली मुलाच्या जगात त्यांना काही जागा नव्हती. म्हणून साधनांमागील तत्त्व तेवढे घेतले गेले आणि वस्तू बदलल्या. समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, बांबूचे तुकडे, मातीची गाडगी यांतून मोजणी, रंग, आकार, लहान-मोठे यांचे शिक्षण होऊ लागले. एखादी वस्तू मुलांनी हातात घेतली नाही तर ती बाद आणि मुले तिच्याशी रमली तर ती टिकली, इतकी ही परीक्षा सरळ होती. पुस्तकातली मराठी आणि घरातली वारली बोली यांतील दरी ही आणखी एक अडचण. शिक्षिकेनेच आधी मुलांचे शब्द शिकावेत, हा त्यावरचा उपाय. या कामातील अनुभव आणि निरीक्षणे ‘शिक्षणपत्रिके’तून इतर शिक्षकांपुढे येत राहिली. पुढे त्या मासिकाच्या संपादनाची धुराही अनुताईंनी वाहिली.

योगायोगाची एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. कुर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाचा कृतिसंशोधनावरील गाजलेला निबंध अमेरिकेत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांतील शिक्षकांसाठी ही पद्धत मांडणारे स्टीफन कोरी यांचे पुस्तक आले १९५३ मध्ये. बोर्डीच्या अंगणात तोवर उपाय करून पाहणे, फसणे, बदलणे आणि लिहून ठेवणे हे सारे चालू झाले होते. त्याला कृतिसंशोधन हे नाव तेवढे नव्हते.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वस्ती वारल्यांची होती आणि प्रश्न अधिक खोल होता. शाळा जवळ असूनही मोठी मुले वर्गात टिकत नव्हती. कारणे घरोघर फिरून कळली. मुली येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते. मुलगे येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखायची असतात. पोटासाठीचे काम सोडून शाळेत या, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

पहिल्या कारणावर उत्तर म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा उभी राहिली. बहिणीने भावाला घेऊनच यावे, त्याला पाळणाघरात सोपवावे, मधले भावंड बालवाडीत जावे आणि तिने स्वतः वर्गात बसावे. या एकत्रित रचनेला ताराबाईंनी विकासवाडी असे नाव दिले. दुसऱ्या कारणावर निघालेली तोड अधिक धाडसी होती. गुराखी मुले शाळेत येत नाहीत ना, मग शिक्षकाने गुरांमागे कुरणात जावे. ही कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि हिशेब गुरांच्या संख्येवरून चालला आहे. एखादे जनावर भरकटले की विद्यार्थी उठून धावे आणि परत येऊन बसे. वेळापत्रक, घंटा, भिंत, बाक यांतील काय काय काढून टाकले तरी शाळा शिल्लक राहते, याचा तो एक प्रयोगच होता.

हे सारे यशस्वी झाले, असे म्हणणे अनुताईंवरच अन्याय करणारे ठरेल. कुरणशाळेसाठी उन्हापावसात गुरांमागे फिरणारा शिक्षक लागतो आणि असे शिक्षक नेमणुकीच्या आदेशाने निर्माण होत नाहीत. म्हणूनच कोसबाडला बालसेविकांच्या प्रशिक्षणाला अनुताईंनी एवढे महत्त्व दिले. विचाराचे श्रेय ताराबाईंचे किती आणि अनुताईंचे किती, असा वादही अधूनमधून निघतो. तो फारसा फलदायी नाही. आराखडा पुष्कळदा ताराबाईंचा असे. तो वस्तीत चालतो की नाही, हे रोज पाहणारे डोळे अनुताईंचे होते.

ते डोळेही पुढे साथ देईनात. दृष्टी अधू होत असतानाच अनुताईंनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची पदवी घेतली, ती १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. ताराबाईंचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले आणि कोसबाडचा सारा भार अनुताईंवर आला. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जमनालाल बजाज पुरस्कारासह इतरही अनेक सन्मान झाले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी या सगळ्या वाटचालीचा हिशेब मांडून ठेवला आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीतला शब्द देशभर पोचला. मात्र शब्दाबरोबर सगळेच पोचले असे नाही. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांचा मोठा भार अंगणवाडी सेविकेवर आला आणि मुलासमोर बसून ते कशात रमते हे पाहण्याची, त्यानुसार उद्याचा खेळ बदलण्याची सवड तिला क्वचितच उरली. तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाला २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय रचनेत स्थान दिले. अनुताई आणि ताराबाई हे १९४५ पासून सांगत होत्या. भोसरी, चिखली, चाकणच्या कामगार वस्त्यांत थोरलीच्या कडेवरचे मूल आजही दिसते आणि पाळणाघराची सोय शाळेच्या आवारात सहसा नसते. तेथल्या शिक्षकाला कोसबाडची गोष्ट ऐतिहासिक वाटण्याचे कारण नाही.

कोसबाड उभे राहिले, सन्मान झाले, आता थांबावे असे वय झाले तेव्हाही अनुताई थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ‘ग्राममंगल’ या नव्या संस्थेचा आरंभ केला. डहाणू तालुक्याच्या आतल्या भागातील आदिवासी मुलांसाठी पुन्हा नव्याने शाळा, नवी साधने, नवे प्रयोग सुरू झाले. त्या वेळी अनुताई बहात्तर वर्षांच्या होत्या. पुढची दहा वर्षे त्या या कामाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.