विंग कमांडर मजुमदार

नाशिक शहरापासून काही अंतरावर ओझर हे गाव आहे. तेथे १९६४ साली विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिग व सुखोई जातीची अनेक लढाऊ विमाने या कारखान्यात तयार होऊन भारतीय वायुसेनेत दाखल झाली. आपल्या आकाशात आपल्याच देशात तयार झालेली विमाने असावीत आणि ती आपल्याच वैमानिकांनी चालवावीत, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु एक काळ असा होता की, भारतीय तरुणांना लढाऊ विमान चालवणे साधेल की नाही, याचीच राज्यकर्त्या इंग्रजांना शंका वाटे. ही शंका ज्यांनी आपल्या पराक्रमाने दूर केली, त्यांत करुण कृष्ण मजुमदार हे अग्रभागी होते.

मजुमदार यांचा जन्म ६ सप्टेंबर १९१३ रोजी कलकत्त्यास झाला. १८८५ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी हे मजुमदारांचे मातामह होत. भारतीय वायुसेनेची स्थापना १९३२ साली झाली. त्याच वर्षी मजुमदार विमानविद्येच्या शिक्षणासाठी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे गेले. पुढील वर्षी कराचीस वायुसेनेची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ अवघी चार विमाने होती. शिक्षण पूर्ण करून मजुमदार याच तुकडीत रुजू झाले. त्यांची शरीरयष्टी धिप्पाड असल्यामुळे सोबती त्यांना प्रेमाने जंबो म्हणत.

१९४१ साली ते या तुकडीचे प्रमुख झाले. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. त्याच वर्षी मुंबईच्या जनतेच्या देणग्यांतून उभारलेल्या युद्धनिधीने या तुकडीला बारा लायसँडर विमाने भेट दिली. लायसँडर हे शत्रूची टेहळणी करण्यासाठी बनवलेले विमान होते. लहानशा मैदानावरही ते उतरू शके; पण त्याची गती मंद होती. वेगवान लढाऊ विमानाशी गाठ पडली, तर त्याचा निभाव लागणे कठीण होते.

हीच विमाने घेऊन १९४२ च्या फेब्रुवारीत मजुमदारांची तुकडी ब्रह्मदेशातील टौंगू येथे पोहोचली. ती येताच जपानी विमानांनी त्या तळावर हल्ला केला. मजुमदार स्वस्थ बसणारे नव्हते. टेहळणीच्या विमानाला बॉम्ब लावून ते शत्रूच्या तळाकडे निघाले. रक्षणासाठी सोबत दोनच लढाऊ विमाने होती. सयामच्या सीमेवरील त्या तळावर त्यांनी अचूक बॉम्बफेक केली आणि ते सुखरूप परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सारी तुकडीच त्या तळावर नेली. सहकाऱ्यांना संकटात पाठवण्यापूर्वी ते संकट स्वतः पारखून पाहावे, अशी त्यांची रीत होती. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. विंग कमांडर या पदावर चढणारे पहिले भारतीयही तेच ठरले.

एवढा मान मिळाल्यावर त्यांना कचेरीत बसून काम पाहता आले असते. परंतु १९४४ साली ते युरोपच्या रणभूमीवर गेले. फ्रान्समध्ये दोस्तांच्या फौजा जर्मनांना मागे रेटीत होत्या. शत्रूच्या तोफांचा मारा चुकवीत विमान खाली आणावयाचे आणि पूल, रस्ते व फौजा यांची छायाचित्रे घ्यावयाची, हे जोखमीचे काम त्यांनी पत्करले. त्याबद्दल तेच शौर्यपदक त्यांना दुसऱ्यांदा देण्यात आले.

मजुमदार स्वदेशी परतले. वायुसेनेची जनतेला ओळख व्हावी, यासाठी त्या काळी ठिकठिकाणी विमानांच्या कसरती होत. अशा कसरती फार अवघड असतात. विमान जमिनीच्या जवळ असते. क्षणाची चूक झाली, तर ती सावरण्यास पुरेशी उंची उरत नाही. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरच्या वॉल्टन विमानतळावर मजुमदार हरिकेन विमानातून अशाच कसरती करीत होते. एकाएकी विमान खाली कोसळले आणि त्या शूर वैमानिकाचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

जपानी व जर्मन तोफांतून जो सुखरूप बाहेर पडला, त्याला आपल्याच आकाशात, जेथे एकही शत्रू नव्हता, तेथे मृत्यूने गाठले! ही घटना मनाला चटका लावते. पण सैनिकाचे धैर्य केवळ रणांगणावरच लागते असे नाही. युद्धात क्षणार्धात जे कौशल्य दाखवावे लागते, ते आधी नित्याच्या सरावातून कमवावे लागते, आणि त्या सरावातही प्राणांची जोखीम असते. मजुमदारांचे मरण म्हणूनच वीरमरण होय.

त्यांच्याबरोबरीने वायुसेनेच्या पहिल्या पिढीत वाढलेले सुब्रतो मुखर्जी १९५४ साली स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. तो दिवस पाहण्याचे भाग्य मजुमदारांना लाभले नाही. तथापि तो दिवस उगवावा म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत त्यांची गणना आदराने केली पाहिजे.