विश्लेषण : सिनेमातील पात्रे सरळ उत्तर का देत नाहीत? माणदेशच्या गदिमांच्या पटकथा काय सांगतात?

ग. दि. माडगूळकर म्हटले की आधी ‘गीतरामायण’ आठवते. पण दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी गीतकार, पटकथाकार, संवादलेखक किंवा नट म्हणून जोडलेला हा माणूस पडद्यावरच्या बोलण्याचाही मोठा कारागीर होता. त्यांची पात्रे नेहमी नियमाने बोलत नाहीत. हे नियम कोणते, ते मोडायला गदिमा कुठे शिकले आणि त्यातून काय साधले, याविषयी.

संभाषणाचे नियम कोणते?

पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1967 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत ते मांडले. बोलताना आपण नकळत चार गोष्टी पाळतो. हवे तेवढेच सांगायचे, खरे सांगायचे, विषयाला धरून सांगायचे आणि स्पष्ट सांगायचे. ग्राइसचा खरा मुद्दा मात्र पुढचा आहे. कुणी उघडपणे नियम मोडला, की ऐकणारा त्यामागचा अर्थ शोधू लागतो. लग्नाच्या बैठकीत मुलगा काय करतो, असे विचारले आणि मध्यस्थ म्हणाला की घरची माणसे फार चांगली आहेत, तर मुलीकडच्यांना जे समजायचे ते समजते. मध्यस्थ खोटे बोललेला नसतो, त्याने फक्त विषय सोडलेला असतो. सिनेमाचा संवाद याच फटीत राहतो. सगळी पात्रे नियमाने बोलू लागली, तर प्रेक्षकाला ओळखायला काही उरतच नाही.

गदिमांना ही भाषा कुठे मिळाली?

1 ऑक्टोबर 1919 रोजी आटपाडी तालुक्यातील शेटफळे या आजोळी त्यांचा जन्म झाला. हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील औंध संस्थानात कारकून होते आणि घरी गरिबी होती. बालपण कुंडलला गेले, शिक्षण औंधला झाले. औंध आज सातारा जिल्ह्यात येते. गणिताने दगा दिला आणि मॅट्रिक हुकली. माणदेश हा कमी पावसाचा मुलूख. इथे पाण्यासारखाच शब्दही जपून वापरतात. कुठे निघालात, असे विचारले तर जरा बाजाराकडे, एवढेच उत्तर मिळते. कामाचे काय ते पोटात राहते. पुढे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी ही माणसे कथेत आणली. थोरल्या भावाने त्यांचा कानातला ठेका सिनेमात नेला.

सिनेमात प्रवेश कसा झाला?

पोटासाठी. मॅट्रिक नापास मुलाला नोकरी मिळणे अवघड होते. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचे गाव होते. हंस पिक्चर्सच्या, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘ब्रह्मचारी’ (1938) मध्ये त्यांनी लहानशी भूमिका केली. वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही काम केले. दुसऱ्याचे वाक्य कागदावर उतरवताना ते कुठे तोडायचे आणि कुठे थांबायचे, हे हाताला कळत जाते. 1942 च्या सुमारास गीते लिहायला सुरुवात झाली आणि 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

तमाशातून काय आले?

‘रामजोशी’चा नायक शाहीर, तर ‘पुढचं पाऊल’ (1950) मध्येही तमाशाचेच जग आहे. तमाशातील बतावणी नियमभंगावरच चालते. सरदार एक विचारतो, सोंगाड्या दुसऱ्याच शब्दाला धरून तिसरेच सांगतो. गवळणीतील मावशीही शब्दाचा अर्थ उलटवून हशा पिकवते. वर पाहता हा विनोद. पण सत्ता असलेल्याला तोंडावर खरे सांगायची सोय नसते, तेव्हा न समजल्याचे सोंग कामी येते.

आपल्या भाषेत याला म्हणच आहे, वेड पांघरून पेडगावला जाणे. राजा परांजपे यांच्या ‘पेडगावचे शहाणे’ (1952) या चित्रपटाचे नावच या म्हणीवर बेतलेले आहे. वेडा कोण आणि शहाणा कोण, हा त्यातला प्रश्न. वेड्याच्या बोलण्याला कुणी नियम लावत नाही, म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त बोलता येते.

‘दो आँखें बारह हाथ’मध्ये काय वेगळे?

इथे विनोद मागे पडतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत सुरू केली होती. गजाआड ठेवण्याऐवजी कैद्यांकडून शेती करून घ्यायची, हा तो प्रयोग. आपल्याच मुलखातील या प्रयोगावरून गदिमांनी कथा-पटकथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये चित्रपट केला. सहा खुनी कैदी आणि त्यांना उजाड माळरानावर घेऊन जाणारा जेलर, एवढाच पसारा.

तुरुंगात एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असा रिवाज. तिथे जास्त बोललेला शब्द अंगाशी येतो, म्हणून कैदी मोजके बोलतो, टाळतो, गप्प राहतो. ग्राइसच्या हिशेबात हा नियमभंग झाला. माणसाच्या बाजूने पाहिले तर ती जीव वाचवायची रीत आहे. जेलरही आपल्या बाजूचा रिवाज मोडतो. दरडावून विचारण्याऐवजी तो विश्वास टाकतो. शब्दांची जागा नजर घेते, म्हणून नावात डोळे आहेत. या चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि 1958 च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल. हिंदी न समजणाऱ्या परीक्षकांपर्यंतही तो पोहोचला, यात न बोललेल्या गोष्टींचा वाटा मोठा असावा.

पुढे काय झाले?

गदिमा 1962 पासून विधान परिषदेचे सदस्य होते. 1969 मध्ये पद्मश्री मिळाली, 1973 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. 14 डिसेंबर 1977 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. औंध संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे आणि तिथे कैदी शेती करतात.