रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

दिवाळी सरली कीं आपल्या वऱ्हाडांतील रस्ते कपाशीच्या गाड्यांनीं भरून जात. अकोला, अमरावती, खामगांव येथें सरकी काढून त्या कापसाच्या गांठी बांधल्या जात व आगगाडीनें मुंबईस रवाना होत. बऱ्याच विलायतेस जात. कांहीं मुंबईच्याच गिरण्यांत उलगडत. तेथें हा कापूस ज्यांच्या हातीं पडे, त्या मजुरांची दाद ज्यांनीं सरकारदरबारीं नेली, त्यांचें हें अल्प चरित्र आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें एका गरीब फुलमाळी कुटुंबांत झाला. रेल्वे व टपालखात्यांत नोकरी करून ते पुढें मांडवी भागांतील एका गिरणीचे भांडारपाल झाले. मजुराचें जिणें त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली. म्हणजे सात वर्षांच्या बालकानें रोज नऊ तास राबावें, यास कायद्याची हरकत नव्हती! ज्यांचीं धाकटीं भावंडें त्या वयाचीं असतील, त्यांनीं क्षणभर विचार करावा.

ज्योतिराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत अनुयायी होते. १८८० सालीं नोकरी सोडून त्यांनीं 'दीनबंधु' पत्र हातीं घेतलें. १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें मजुरांच्या सभा भरवून, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज त्यांनीं सरकारी कमिशनपुढें ठेविला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, अशा मागण्या त्यांत होत्या! त्यांच्या मिलहॅण्ड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना निधि, ना नियम. विरोधक यावर बोट ठेवीत, व तें खोटेंहि नव्हतें. शिवाय मुंबईच्या गिरण्यांवर निर्बंध यावेत असें मँचेस्टरच्या मालकांनाहि वाटे; पण तें मजुरांच्या कळवळ्यानें नव्हे.

रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार, तो इतरांस कशाला, असा आक्षेप निघे. नारायणरावांनीं तो खंडोबाचाहि वार असल्याचें दाखवून दिलें. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले. दोन स्त्रियाहि त्या सभेंत बोलल्या. त्या काळीं ही केवढी धिटाई! १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षींच्या कायद्यानें मुलांच्या वयाची मर्यादा नऊ वर्षांवर नेली.

१८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठीं त्यांनीं पुढाकार घेतला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळत असतां नारायणराव रोग्यांच्या सेवेंत राहिले, व त्याच रोगानें ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने मात्र या कायद्यांतून वगळलेले होते, आणि सरकी काढण्याचे बहुतेक कारखाने हंगामीच असत. त्यांना कक्षेंत घेणारा कायदा झाला तो १९११ सालीं, नारायणराव जाऊन चौदा वर्षें लोटल्यावर.